नडगीवरचा पुठ्ठा

फुटबॉलचा वर्ल्डकप जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज हमखास फिरतो. १९५० साली भारत ब्राझीलच्या वर्ल्डकपला पात्र ठरला होता, पण आपले खेळाडू अनवाणी खेळायचे, फिफाने बूट सक्तीचे केले आणि आपल्याला घरी बसावं लागलं. खाली दोन रडणाऱ्या इमोजी आणि एक तिरंगा. मला हा मेसेज आतापर्यंत निदान दहा जणांनी पाठवलाय. त्यातले तिघे स्वतः फुटबॉल खेळलेले आहेत.

गोष्ट छान आहे, पण खरी नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला आपला संघ गेला तेव्हा अकरापैकी बहुतेक जण अनवाणी होते, हे खरं. फ्रान्सकडून २-१ असे हरलो, तेही दोन पेनल्टी वाया घालवून. १९५० ला आपल्या गटातल्या बाकीच्या आशियाई देशांनी माघार घेतली, म्हणून एकही सामना न खेळता आपल्याला जागा मिळाली. आणि आपण गेलोच नाही. तेव्हाच्या महासंघाने कारण दिलं संघनिवडीतल्या वादाचं आणि सरावाला वेळ नसल्याचं. त्या काळात आपल्याकडे ऑलिंपिक म्हणजे सर्वस्व होतं, वर्ल्डकपचं कोणाला फारसं पडलेलं नव्हतं. जे त्या संघाचे कर्णधार झाले असते त्या शैलेन मन्नांनीच पुढे ही अनवाणीची कथा नाकारली. आणि साधा हिशेब करा: १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपले बरेचसे खेळाडू पुन्हा अनवाणीच उतरले होते. दोन वर्षांपूर्वी फिफाने बंदी घातली असती तर तिथे कसे उतरले असते? तिथल्या थंडीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ धुतलं आणि मग आपल्याच महासंघाने बूट सक्तीचे केले. चार वर्षांनी मेलबर्नला बूट घालून खेळलेला संघ चौथा आला. ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा नेव्हिल डिसोझा हा मूळचा गोव्याचा, मुंबईच्या मैदानांवर खेळणारा.

मग ही खोटी गोष्ट इतकी चिवट का? मला वाटतं, कारण ती आपल्याला पटते. वर कोणीतरी नियम काढला आणि ज्याच्याकडे वस्तू नाही तो बाहेर बसला, हे आपण आयुष्यभर बघत आलोय. १९५० च्या बाबतीत ते खोटं आहे. पण एका शालेय स्पर्धेत मी जे बघितलं ते खरं होतं. त्यासाठीच ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

आधी माझ्याबद्दल एवढंच, की मी कोल्हापूर भागात गेली कित्येक वर्षं फुटबॉलच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो. कोल्हापूरच्या बाहेरच्यांना हे चटकन कळत नाही, पण इथे पेठेपेठेत तालीम मंडळ आहे आणि तालीम म्हणजे नुसती कुस्ती नव्हे, फुटबॉलचा संघही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुणचा सामना असला की गावात दुसरा विषय नसतो. मी त्या मोठ्या सामन्यांचा माणूस नाही. माझं काम शाळा-कॉलेजच्या स्पर्धा, गावोगावचे चषक, सुट्टीतल्या लहान मुलांच्या लीग. तिथे शिट्टी वाजायच्या आधी पंचाचं एक काम असतं, जे प्रेक्षकांना दिसत नाही. दोन्ही संघांना रांगेत उभं करून प्रत्येकाचं अंगावरचं साहित्य तपासायचं.

फुटबॉलचे एकूण १७ नियम. त्यातला चौथा खेळाडूच्या पोशाखाचा. सक्तीच्या गोष्टी पाचच: बाहीचा शर्ट, शॉर्ट्स, मोजे, शिनगार्ड आणि पादत्राणं. बस्स. हे नीट वाचा, कारण आपल्याकडे अर्ध्या क्रीडाशिक्षकांना वाटतं की स्टडचे बूट सक्तीचे आहेत. नियमात स्टड हा शब्दच नाही. पायात काहीतरी हवं आणि ते दुसऱ्याला इजा करणारं नको, एवढंच. शाळेचे कॅनव्हासचे बूट घालून आलेला मुलगा नियमाने पूर्ण बरोबर असतो. पाठीवरचा नंबरही या नियमाने सक्तीचा केलेला नाही, तो त्या त्या स्पर्धेच्या नियमावलीतून येतो. कपडे नवे असावेत, एकाच दुकानातले असावेत, असंही कुठे नाही. दोन्ही संघांचे रंग एकमेकांपासून आणि पंचांपासून वेगळे ओळखू यावेत, गोलरक्षकाचा त्याहून वेगळा.

पण या सगळ्याच्या आधी, नियमाच्या सुरुवातीलाच एक वाक्य आहे: खेळाडूने धोकादायक असं काहीही अंगावर घालू नये. दागिने सगळे काढायचे. अंगठी, साखळी, कडं, कानातलं, चामड्याचे पट्टे, रबराचे बँड. चिकटपट्टी लावून झाकलं तरी चालत नाही.

इथे आपल्याकडची गंमत सुरू होते. मुलांच्या अंगावर काय काय निघतं! गळ्यात ताईत, रुद्राक्ष, मनगटात कडं, पायात काळा दोरा. मुलींच्या नाकात चमकी, कानात घट्ट फिरकीचे टॉप्स, जे सहा वर्षांत कधी निघालेलेच नाहीत. "सर, निघतच नाही ओ." "सर, आईनं काढायचं नाही म्हणून सांगितलंय." एकदा एका गोलरक्षकाची आजी कुंपणाबाहेरून ओरडली, "दादा, त्याचा ताईत काढू नका, नजर लागती पोराला!" ताईत काढून मी आजींच्याच हातात दिला आणि म्हटलं, सामना संपेपर्यंत तुम्ही धरून बसा. त्यांना ते पटलं. मनगटावरच्या साध्या सुती दोऱ्याचं नाव यादीत नाही, घट्ट बांधलेला असेल तर मी सोडून देतो. माझे काही सहकारी सोडत नाहीत. यावर आमच्यात वाद आहेत आणि राहतील.

चिकटपट्टीने काय बिघडतं, असं पालक नेहमी विचारतात. पट्टीखाली धातू धातूच राहतो, हे एक. आणि २००४ मध्ये स्वित्झर्लंडच्या लीगमध्ये पाउलो डिओगो नावाच्या खेळाडूचं काय झालं ते ऐका. नुकतंच लग्न झालेलं, बोटात अंगठी. त्याच्या पासवर गोल झाला, आनंदाने तो प्रेक्षकांसमोरच्या जाळीच्या कुंपणावर चढला, खाली उडी मारली आणि अंगठी कुंपणात अडकली. बोटाची वरची पेरं वरच राहिली. त्यावर पंचांनी त्याला जल्लोषात वेळ घालवला म्हणून पिवळं कार्ड दाखवलं, ते वेगळंच. ही हकिगत सांगितली की रांगेतल्या अंगठ्या आपोआप निघतात.

आता शिनगार्ड. नडगीचं हाड हे माणसाच्या शरीरातलं सगळ्यात उघडं हाड असावं. पुढून हात लावा, कातडीखाली थेट हाडच लागतं, मध्ये मांस नाही. शिनगार्ड कोणी काढलं तर नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या सॅम विडोसनने, १८७४ च्या सुमारास. हा माणूस क्रिकेटही खेळायचा. त्याने क्रिकेटचे पॅड कापून लहान केले आणि मोज्यांवरून बांधले. लोक हसले म्हणतात. पण हे सक्तीचं व्हायला १९९० साल उजाडलं! म्हणजे पेले, क्रायफ, बेकनबाउर यांची सगळी कारकीर्द शिनगार्ड ऐच्छिक असण्याच्या काळातली.

शिनगार्डने हाड मोडायचं थांबतंच असं नाही, हे स्पष्ट सांगतो. जोराची लाथ बसली तर शिनगार्डसकट हाड मोडतं. पण माराचा जोर पसरतो, कातडी फाटत नाही, मुका मार कमी बसतो. चौदा वर्षांच्या पोराच्या बाबतीत याचा अर्थ असा, की पोरगा दुसऱ्या दिवशी शाळेत चालत जातो.

नियमात लिहिलंय की शिनगार्ड योग्य वस्तूचं, बऱ्यापैकी संरक्षण देणारं आणि मोज्याने झाकलेलं हवं. मोज्याने झाकलेलं! इथेच मेख आहे. पंच रांगेतून जाताना मोज्यावरून टकटक करतो. टक असा आवाज आला की पुढे. आतून काय निघतं विचारा. वहीचा पुठ्ठा. बिस्किटाच्या खोक्याचा तुकडा. एकदा प्लास्टिकच्या डब्याचं कापलेलं झाकण निघालं, त्याची कड अशी धारदार की लाथ बसली असती तर त्या मुलाचीच नडगी फाटली असती. मी विचारलं, हे का घातलंस? म्हणाला, "सर, आवाज यायला पाहिजे ना."

आणि दुसऱ्या टोकाला, ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांची फॅशन. टीव्हीवर जॅक ग्रीलिश मोजे खाली सोडून लहान मुलांच्या मापाचे शिनगार्ड घालतो, म्हणून आमच्याकडची कॉलेजची पोरं काडेपेटीएवढं शिनगार्ड लावून येतात. याची चर्चा वाढल्यावर २०२४ पासून नियमात एक वाक्य घातलं गेलं, की शिनगार्डचं माप आणि योग्यता ही खेळाडूची जबाबदारी. व्यावसायिक खेळाडूसाठी ते ठीक आहे. त्याला पगार आहे, डॉक्टर आहे, विमा आहे, त्याने काडेपेटी लावली तर तो त्याचा निर्णय. पण तेच वाक्य तसंच्या तसं उचलून खेड्यातल्या शाळेच्या सातवीतल्या मुलीला लावलं की काय होतं?

तर ती स्पर्धा. जिल्हा, गाव, आयोजक, काहीच सांगत नाही, कारण असं अनेक ठिकाणी होतं आणि एकाला झोडून काही निघणार नाही. मुलींचा सामना सकाळी होता. एका लांबच्या गावातल्या शाळेचा संघ दोन एसट्या बदलून आला होता. पहाटे निघाल्या असणार, कारण निम्म्या पोरी झाडाखाली बसल्या जागी झोपल्या होत्या. अकरा मुलींत शिनगार्डच्या जोड्या सहा. त्यांच्याबरोबर आलेल्या मॅडम मूळच्या गणिताच्या. त्यांनी सांगितलं, शाळेने मागच्या वर्षी सहाच घेतल्या, पुढच्या वर्षी उरलेल्या घेऊ म्हणाले. माझा सामना दुपारचा, मी नुसता बघत होतो. तपासणीच्या टेबलावरच्या गृहस्थांनी पाच मुलींना बाजूला काढलं. सहा मुलींचा संघ उतरवता येत नाही, किमान सात लागतात. मॅडम म्हणाल्या, समोरच्या संघाकडून उसने घेते. समोरच्या संघाचे सर भले माणूस, ते म्हणाले, आमच्या बदली खेळाडूंचे देतो, शाळेच्या मुलांच्या संघाचेही आहेत, ते बसच्या डिकीत आहेत, दहा मिनिटं द्या. टेबलावरून उत्तर आलं, "नियम म्हणजे नियम. वेळापत्रक बिघडतं. पुढे चाल द्या." विरुद्ध संघाला पुढे चाल मिळाली. पोरी पुन्हा एसटीने गेल्या.

शिनगार्डशिवाय खेळवू नये, यात मला काडीची शंका नाही. मी पंच असतो तर मीही खेळवलं नसतं. पण दहा मिनिटं?

याच मैदानावर दोन्ही गोलपोस्ट हलक्या लोखंडी पाइपाचे, नुसते उभे करून ठेवलेले. जमिनीत रोवलेले नाहीत, मागे वजन नाही, खुंटी नाही. सामन्यांच्या मधल्या वेळेत लहान पोरं आडव्या दांडीला लोंबकळत होती. ज्यांना यातला धोका माहीत नाही त्यांनी एवढं लक्षात ठेवा की असा सुटा गोलपोस्ट पुढे झुकून कोसळतो आणि त्याखाली सापडून मुलं दगावल्याच्या घटना जगभर झाल्या आहेत. फुटबॉलच्या पहिल्याच नियमात लिहिलंय, की गोलपोस्ट जमिनीला पक्के बांधलेले हवेत, सुटे असले तरी. ही जबाबदारी आयोजकाची. तिथे मात्र 'नियम म्हणजे नियम' आठवलं नाही. मी सांगायला गेलो तर ऐकून घेतलं, "सर, तुम्ही तुमची मॅच बघा."

माझी मॅच मी बघितली. दुपारी सामन्याआधी मी सांगितलं, दोन्ही गोलपोस्टच्या मागच्या पट्टीवर वाळूची पोती पडल्याशिवाय शिट्टी वाजणार नाही. पोती शोधण्यात, वाळू भरण्यात अर्धा तास गेला. वेळापत्रकाला काही झालं नाही, शेवटचा सामना संपला तेव्हा ऊन होतं.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. चौथ्या नियमाचा अलीकडचा इतिहास बघितला तर दिसतं, की 'धोकादायक' हा शब्द बऱ्याचदा डोळ्याला खुपणाऱ्या गोष्टींवर वापरला गेलाय. २००२ मध्ये कॅमेरूनचा संघ बिनबाहीच्या शर्टात खेळला तर फिफाने वर्ल्डकपला बाह्या लावायला लावल्या. २००४ मध्ये त्यांनी शर्ट आणि शॉर्ट्स एकत्र शिवलेला पोशाख घातला, तर २ लाख स्विस फ्रँक दंड आणि पात्रता फेरीतले सहा गुण कापले. गुण नंतर परत दिले. कोणाच्या हाडाला त्या पोशाखाने धक्का लागला होता? निदान तिथे सुरक्षेचं नाव तरी पुढे केलं नव्हतं.

हिजाबच्या बाबतीत मात्र केलं. २००७ मध्ये कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात एका ११ वर्षांच्या मुलीला हिजाब घातला म्हणून पंचांनी मैदानाबाहेर काढलं. नियम ठरवणाऱ्या मंडळाने पंचांची बाजू घेतली. २०११ च्या जूनमध्ये इराणच्या महिला संघाचा जॉर्डनविरुद्ध ऑलिंपिक पात्रतेचा सामना होता. राष्ट्रगीत झालं आणि त्यांना खेळू दिलं नाही. मुली मैदानातच रडत बसल्या, तो फोटो तेव्हा जगभर गेला. कारण काय, तर गळ्याभोवती कापड आवळून इजा होऊ शकते. शंका म्हणून ही रास्त आहे, मी स्वतः पंच आहे, गळ्याभोवतीच्या कुठल्याही वस्तूकडे मी संशयानेच बघतो. पण मग त्यावर उपाय शोधायचा असतो. जॉर्डनचे प्रिन्स अली यांनी फिफात हा विषय लावून धरला, ओढ बसताच सुटणारे हिजाब तयार झाले, २०१२ मध्ये तात्पुरती परवानगी दिली गेली, दोन वर्षं बघितलं आणि १ मार्च २०१४ ला परवानगी कायम झाली. आता नियम असा आहे: डोक्यावरचं वस्त्र काळं किंवा शर्टाच्या रंगाचं, शर्टाला न जोडलेलं, कुठे टोक बाहेर न आलेलं, गळ्याशी धोका नसलेलं. २०२३ च्या वर्ल्डकपमध्ये मोरोक्कोची नौहैला बेंझिना हिजाब घालून खेळली, महिला वर्ल्डकपमधली पहिलीच.

हाच निर्णय पगडीलाही लागू झाला. २०१३ च्या जूनमध्ये त्याच क्यूबेकने शीख मुलांच्या पगडीवर बंदी कायम ठेवली होती, कारण पुन्हा सुरक्षा. इजेचा दाखला मागितला तर देता आला नाही. कॅनडाच्या राष्ट्रीय संघटनेने सरळ क्यूबेकच्या संघटनेलाच निलंबित केलं, फिफाने पगडीला परवानगी दिली, आणि आठवड्याभरात बंदी गेली. फ्रान्समध्ये मात्र देशांतर्गत स्पर्धांत हिजाबबंदी आहे आणि जून २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती उचलून धरली. फ्रान्सचं कारण धर्मनिरपेक्षतेचं आहे, निदान ते उघड सांगतात. त्यावर ज्याचं त्याचं मत असेल, कमेंटमध्ये भांडणं नकोत. माझा विषय तेवढाच आहे, की सुरक्षेचं नाव घेणाऱ्याने इजा दाखवावी, आणि धोका खरा असेल तर वस्तू सुधारावी, माणूस घालवू नये.

कारण वस्तू सुधारता येते. पेट्र चेक या गोलरक्षकाची २००६ मध्ये कवटी फुटली, तीन महिन्यांनी तो रग्बीसारखं मऊ शिरस्त्राण घालून परतला आणि निवृत्त होईपर्यंत ते घालूनच खेळला. एडगर डाव्हिड्सला काचबिंदू होता, तो १९९९ पासून खास गॉगल लावून खेळला, जगातल्या मोठ्या क्लबांत. नियमाने हे सगळं चालतं. आणि आमच्याकडे चष्मा असलेल्या मुलाला अजून सांगतात, "चष्मा काढ नाहीतर बाहेर बस." पट्टा असलेला, न फुटणाऱ्या भिंगांचा खेळाचा चष्मा मिळतो आणि तो नियमात बसतो, हे त्याला कोणी सांगत नाही. मग पोरगं अंदाजाने हेडर मारतं.

एक विषय राहिला, तो पुरुष सहसा लिहीत नाहीत. पांढऱ्या शॉर्ट्स. २०२२ च्या युरो स्पर्धेच्या वेळी इंग्लंडच्या खेळाडूंनी उघड सांगितलं, की पाळीच्या दिवसांत पांढरी शॉर्ट्स घालून खेळायचा ताण येतो. २०२३ च्या वर्ल्डकपला इंग्लंडच्या महिला निळ्या शॉर्ट्समध्ये उतरल्या.  आपल्याकडे शाळेचा संघ म्हणजे पांढऱ्या पीटीच्या शॉर्ट्स. मुली आत काळी लेगिंग घालतात. आणि मग नियम चारच त्यांना आडवा येतो, कारण आतल्या पँटचा रंग शॉर्ट्सच्या रंगाशी जुळायला लागतो. पंचाने नियमाने सांगितलं की ती पोरगी गप्प होते आणि 'पोटात दुखतंय' म्हणून बाहेर बसते. कारण कोणी विचारत नाही, आणि पुरुष पंचाला ती सांगणारही नाही. यावर तोडगा फुकट आहे. शाळेने पुढच्या वेळी शिवताना शॉर्ट्स काळ्या किंवा गडद निळ्या शिवाव्यात. एक पैसा जास्त लागत नाही. माझी स्पर्धेआधीची प्रशिक्षकांची बैठक असते तिथे हे मी पहिल्यांदा बोललो तेव्हा चार जण खाली बघत होते. एका मॅडमनी नंतर फोन करून त्यांच्या शाळेने रंग बदलल्याचं कळवलं.

शिनगार्डची साधी जोडी दीडशे-दोनशे रुपयांत मिळते. स्पर्धेच्या मंडपाला, सत्काराच्या शालींना, पाहुण्यांच्या फ्लेक्सला काय लागतं ते तुम्हीच जाऊन बघा. माझं आयोजकांना सांगणं असं आहे, की तपासणीच्या टेबलाखाली बावीस जोड्यांची एक पिशवी ठेवा. ज्याच्याकडे नाही त्याने तिथून घ्यायची, सामना झाला की परत करायची. फिरकीचे कानातले काढायला एक छोटी पक्कड आणि दागिने ठेवायला नाव लिहिलेली पाकिटं. आणि मुलांच्या नडगीवर टकटक करायच्या आधी गोलपोस्ट हलवून बघा. क्रीडाशिक्षकांना एकच सांगतो: पुठ्ठ्यावर विश्वास ठेवू नका, मोजा खाली करून बघा. पालकांनो, नवं कान-नाक टोचायचं असेल तर ते स्पर्धांचा हंगाम संपल्यावर टोचा.

आमच्या भागात दोन ठिकाणी अशी पिशवी सुरू झालीय. पहिल्याच स्पर्धेत चार जोड्या परत आल्या नाहीत. एक आयोजक वैतागून म्हणाले, बघा, म्हणून आम्ही देत नव्हतो. त्या चारपैकी दोन जोड्या नंतर एका शाळेच्या पोरांच्या पायात दिसल्या, सरावाला. मी काही बोललो नाही. पिशवीत नव्या चार टाकल्यात.